हातमोज्यातल्या एकसष्ट नांग्या : मुलुंडच्या गच्चीवरील तापट सातेरी वसाहतीचा प्रकरण अभ्यास

मुलुंड पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या तीन मजली सोसायटीच्या गच्चीवर सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यातल्या एका रविवारी दुपारी त्यांपैकी पश्चिमेच्या कठड्यालगतची पेटी उघडली असता माश्या उठल्या आणि तीन माणसांना मिळून पंधरा डंख झाले. त्यांपैकी दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या पूर्ण बऱ्या झाल्या. पेट्या सांभाळणारे गृहस्थ एका बँकेत नोकरी करतात. मधमाशीपालनाचे पहिले धडे त्यांनी माझ्याकडे घेतले असल्यामुळे या प्रकरणाची तपासणी मी केवळ त्रयस्थाच्या नजरेने केलेली नाही. संरक्षक कोट घ्या, असा सल्ला त्यांना मीच दिला होता. कोट घातल्यावर कामाची पद्धत कशी बदलते आणि त्या बदलाची किंमत कोण मोजतो, हे मात्र मी त्यांना सांगितले नव्हते.

दोन्ही वसाहतींचा पूर्वेतिहास वेगळा होता. पूर्वेची वसाहत एका प्रशिक्षित मधपाळाकडून पेटीसह आणलेली होती आणि ती पहिल्यापासून शांत होती. पश्चिमेची वसाहत त्याच वर्षी जानेवारीत त्याच भागातल्या एका पडक्या कुंपणाच्या भिंतीच्या पोकळीतून काढून आठ चौकटींच्या (माश्या ज्यांत पोळी बांधतात त्या लाकडी चौकटी) पेटीत बसवली होती. सातेरी ही आपल्याकडची देशी माशी असून युरोपीय मेलिफेरा माशीच्या तुलनेत ती सहसा सौम्य समजली जाते, परंतु प्रत्येक वसाहतीचा स्वभाव निराळा असतो आणि तो बऱ्याच अंशी राणीकडून व तिच्याशी मीलन झालेल्या नरांकडून आलेला असतो. भिंतीतून काढलेली ही वसाहत जोमदार होती, मध चांगला साठवत होती, पण तिच्या दारावरच्या पहारेकरी माश्या चार-पाच फुटांवरूनच अंगावर येत असत.

जूनपर्यंत हे गृहस्थ साधा पांढरा सदरा, टोपीवरची जाळी आणि उघडे हात अशा अवस्थेत काम करीत. त्यांच्या वहीत प्रत्येक तपासणीपुढे डंखांची संख्या लिहिलेली आहे : तीन, चार, दोन, पाच. जुलैत त्यांनी बुरख्यासह एकसंध जाड सुती कोट आणि कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे विकत घेतले आणि त्यानंतर वहीत प्रत्येक वेळी शून्य आहे. वसाहत निवळली, असा अर्थ त्यांनी त्या शून्याचा लावला. मलाही ती वही दूरध्वनीवर वाचून दाखवली होती आणि मीही तोच अर्थ मान्य केला. या प्रकरणातली पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे, असे माझे मत आहे. माश्या पूर्वीइतक्याच, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक डंख मारीत होत्या. फक्त ते डंख कातडीऐवजी चामड्यात जात होते आणि त्यांची नोंद घेणारे कोणी उरले नव्हते.

त्या रविवारी काय घडले

आधीचे चार दिवस पाऊस लागून राहिला होता. रविवारी दुपारी उघडीप मिळाली आणि आठवड्यातला मोकळा दिवस एवढाच असल्यामुळे सव्वाचारच्या सुमारास पेटी उघडण्यात आली. त्या वेळी डोंगरावर पुन्हा ढग जमू लागले होते. मधमाशीपालकाच्या दृष्टीने हा मुहूर्त जवळपास प्रत्येक बाबतीत चुकलेला होता. पावसात मकरंद मिळत नाही आणि साठा जपण्यासाठी वसाहत अधिक सावध होते. ढगाळ हवेत व संध्याकाळच्या बाजूस फुलांवर जाणाऱ्या वयस्क माश्या घरीच असतात आणि डंख मारण्यात पुढे असतात त्या याच वयस्क माश्या. एरवी सकाळी दहाला उघडल्यास त्यांतल्या पुष्कळ बाहेर गेलेल्या असतात.

माश्यांवर धूर सोडण्याच्या धुराड्यात नारळाची सोडणे घातली होती, पण ती दमट होती आणि दोन-तीन फुंकरींनंतर विझली. ते पुन्हा पेटवण्यासाठी खाली जाण्याऐवजी कोटाच्या भरवशावर काम पुढे चालू ठेवण्यात आले. सातेरी माशी मेलिफेराप्रमाणे राळेसारखा डिंक गोळा करीत नाही, त्यामुळे तिच्या चौकटी त्या मानाने सहज सुटतात, परंतु या पेटीत दोन चौकटींमध्ये आडवे पोळे बांधले गेले होते. ते पटाशीने सोडवण्याऐवजी चौकट जोराने ओढली गेली. जाड चामड्याच्या बोटांना माशी जाणवत नाही. चौकटीच्या दोन्ही कानांखाली, म्हणजे पेटीवर टेकणाऱ्या टोकांखाली, माश्या चिरडल्या गेल्या आणि डंख मारणाऱ्या किंवा चिरडलेल्या माशीच्या नांगीजवळून जो इशाऱ्याचा गंध सुटतो तो हवेत पसरला. आयसोअमाइल ॲसिटेट हा त्या गंधातला प्रमुख घटक असून पिकलेल्या केळ्याच्या वासाशी त्याचे साम्य आहे. एका ठिकाणी हा गंध लागला की पुढच्या माश्या त्याच जागेवर तुटून पडतात. या गृहस्थांनी नंतर सांगितले, “केळ्याचा वास आला होता, पण खालच्या घरात काही चिरले असेल असे वाटले.” काम त्यानंतरही सुमारे वीस मिनिटे चालू राहिले.

पाऊस येणार असे दिसताच काकू वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर आल्या. पेटी उघडी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण कोणाला काही सांगितले गेले नव्हते. अंगात गडद निळा गाऊन होता आणि केसांत मोगऱ्याचा गजरा होता. मधमाश्यांचे नैसर्गिक शत्रू म्हणजे अस्वलासारखे गडद, केसाळ आणि उच्छ्वास सोडणारे प्राणी, त्यामुळे उठलेली वसाहत गडद रंगाकडे, केसांकडे, डोळ्यांकडे आणि तोंडाकडे झेपावते. तीव्र सुगंधाचीही त्यात भर पडते. काकूंनी हात झटकले आणि माश्या केसांत अडकल्या. त्यांना चेहरा, मान आणि डोके मिळून सात डंख झाले. आरडाओरडा ऐकून रखवालदार मामा वर धावले. त्यांनाही चार डंख झाले. कोटातले गृहस्थ पेटी घाईने झाकून त्यांच्यामागून जिन्यात आले आणि काकूंकडे पाहण्यासाठी त्यांनी तिथेच बुरखा काढला. त्यांच्या पाठीवर बसून आलेल्या माश्यांपैकी दोघींनी त्यांच्या पापणीवर आणि कानामागे डंख मारला. उरलेले दोन डंख त्यांना त्याआधीच गुडघ्यांवर कोटातून झाले होते, पण ते त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

पुढची दहा मिनिटे चुना शोधणे, कांदा चोळणे आणि कोणाकडे तरी असलेली ॲलर्जीची गोळी देणे यात गेली. याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही, कारण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या हेच केले गेले आहे. तरीही स्पष्ट लिहिले पाहिजे की, मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे ती विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि माशी उडून गेल्यावरही पिशवी आकुंचन पावत विष आत ढकलत असते. त्यामुळे नांगी नखाने खरवडावी की चिमटीत धरून काढावी यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले की काढण्याची पद्धत नव्हे, तर काढायला लागलेला वेळ महत्त्वाचा असतो. काकूंच्या मानेतल्या तीन नांग्या जवळजवळ बारा मिनिटे तशाच होत्या.

तोपर्यंत त्यांच्या पोटावर आणि पाठीवर, म्हणजे जिथे डंख झालेलाच नव्हता तिथे, गांधी उठू लागल्या होत्या. पाठोपाठ उलटी झाली आणि घसा आवळल्यासारखे वाटू लागले. डंखाच्या जागी सूज येणे ही एक गोष्ट आणि डंखापासून दूर, सर्व शरीरावर प्रतिक्रिया उमटणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट आहे. ॲलर्जी नसलेल्या प्रौढ माणसाला सात डंख वेदनादायक असले तरी सहसा जीवघेणे नसतात, परंतु ॲलर्जी असलेल्याला एकच डंख पुरतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे ओळखले, गोळीचा परिणाम दिसण्याची वाट न पाहता रिक्षा बोलावली आणि काकूंना जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला. अशी प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उलटू शकते, म्हणून त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवण्यात आले. ज्या सोसायटीत मधपेटी आहे तिथल्या प्रत्येकाला 108 हा क्रमांक आणि ही लक्षणे ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण ॲलर्जीच्या गोळ्या खाज कमी करतात, परंतु ॲड्रिनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

कोटाची तपासणी

मी गुरुवारी संध्याकाळी तिथे पोहोचलो आणि पेटीकडे जाण्यापूर्वी कोट व हातमोजे जमिनीवर पसरून पाहिले. कोट पांढरा होता, मापाने योग्य होता, शिवण कुठे उसवलेली नव्हती. गळ्यापाशी दोन्ही चेन एकत्र येतात तिथे जी चिकटपट्टीची झडप असते तिच्यात धागे अडकले होते आणि ती पुरती बसत नव्हती. माशी आत शिरण्याची सर्वांत नेहमीची जागा हीच असते, पण या वेळी तिथून कोणी शिरलेले नव्हते. खरा दोष गुडघ्यांवर होता. पेटी दोन विटांवर, म्हणजे फारच खाली ठेवलेली असल्यामुळे उकिडवे बसून काम करावे लागे. त्या बैठकीत कापड गुडघ्यावर ताणले जाते आणि मुंबईच्या दमट हवेत ते दहा मिनिटांत घामाने भिजून कातडीला चिकटते. मधमाशीची नांगी फार तर दोन-तीन मिलिमीटर लांब असते. कोट वाचवतो तो कापडाच्या जाडीमुळे तितका नव्हे, जितका कापड आणि कातडी यांच्यामधल्या पोकळीमुळे. ती पोकळी गेली की जाड कापडही अपुरे पडते.

म्हणून कोकण आणि मुंबईच्या हवेत मी आता एकाच जाड थराऐवजी दोन सैल, पातळ थर सुचवतो. आत पूर्ण बाह्यांचा सुती झब्बा व पायजमा आणि त्यावर एक माप मोठा, फिकट रंगाचा कोट असावा. परवडत असेल तर हवा खेळती ठेवणाऱ्या तीन थरांच्या जाळीचा कोट अधिक चांगला, कारण घामाने बेजार झालेला माणूस काम उरकण्याच्या मागे लागतो आणि घाई हे डंखांचे मोठे कारण आहे. बुरख्याखाली कडक काठाची टोपी हवी, म्हणजे वाकल्यावर जाळी नाकाला टेकत नाही. पायजम्याची टोके मोज्यांत खोचून वर गमबूट घालावेत, कारण खाली पडलेली माशी वरच्या दिशेने चढते आणि घोट्यापाशी उघडी वाट मिळाली तर पायजम्याच्या आत जाते. पेटी कमरेच्या उंचीच्या लोखंडी घोडीवर ठेवावी. पेटीची घोडी हा पोशाखाचा भाग नाही हे खरे, पण गुडघ्यांवरचे ते दोन डंख घोडी असती तर झाले नसते.

हातमोजे मी भिंगाखाली पाहिले आणि त्यांतल्या नांग्या चिमट्याने एकेक काढून कागदावर मांडल्या. दोन्ही मिळून एकसष्ट भरल्या. त्यांपैकी काही जुन्याही असू शकतील, कारण हातमोजे जुलैपासून एकदाही धुतलेले नव्हते आणि कोटही नव्हता. वहीत शून्य लिहिलेल्या दिवसांचा खरा हिशेब त्या कागदावर होता. उघड्या हातांना पाच डंख झाले असते तर या गृहस्थांनी पाचव्या डंखालाच पेटी झाकली असती आणि काकू गच्चीवर आल्या तेव्हा माश्या घरात असत्या. चामड्यामुळे ते एकसष्टाव्यापर्यंत पोहोचले.

हातमोजे नकोत, असे माझे म्हणणे नाही. नवशिक्याने आणि ज्याला ॲलर्जीची शंका आहे त्याने ते घातलेच पाहिजेत. परंतु सातेरीच्या कामासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे पातळ नायट्राइल हातमोजे बहुधा पुरेसे ठरतात. त्यांतून डंख क्वचित लागतो, पण बोटाखालची माशी जाणवते, आणि काम संपल्यावर ते फेकून देता येत असल्यामुळे जुना गंध पुढच्या तपासणीपर्यंत जात नाही. चामडी हातमोजे वापरायचेच असतील तर प्रत्येक तपासणीनंतर त्यांतल्या नांग्या मोजाव्यात, तो आकडा वहीत लिहावा आणि कोट धुण्याच्या सोड्याने धुवावा.

इथे एक खुलासा आवश्यक वाटतो. मुंबईतल्या उंच इमारतींच्या छज्ज्यांखाली लटकणारे आग्या मोहोळ ही वेगळी माशी आहे. ती आकाराने बरीच मोठी असते, उघड्यावर एकच पोळे बांधते आणि हजारोंच्या संख्येने दूरवर पाठलाग करते. सातेरीसाठी घेतलेला कोट घालून आग्या मोहोळाजवळ कोणीही जाऊ नये आणि रॉकेलचा बोळा किंवा कीटकनाशकाचा फवारा तर कधीच वापरू नये. ही माशी स्थलांतर करणारी असल्यामुळे पुष्कळदा पोळे आपणहून रिकामे होते, आणि तोवर खिडक्या बंद ठेवून दिवे कमी करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग असतो.

पेटी हलवणे आणि पुन्हा उघडणे

गुरुवारी सोसायटीची बैठक झाली. काही रहिवाशांनी दोन्ही पेट्या त्याच रात्री काढून टाकण्याची मागणी केली आणि काकूंची अवस्था पाहिलेल्या माणसांनी ती करणे मला पूर्णपणे योग्य वाटले. मी पश्चिमेची पेटी हलवण्याचे आणि पूर्वेची पेटी अटींसह ठेवण्याचे सुचवले. सेक्रेटरी म्हणाले, “दादा, तुम्ही लेखी द्या की गच्चीवर कोणी असताना पेटी उघडली जाणार नाही.” ते मी आणि पेटीच्या मालकांनी लिहून दिले.

पेटी त्याच आवारात पन्नास-शंभर मीटर हलवून उपयोग नसतो, कारण बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात आणि तिथे घोळका करून राहतात. म्हणून शुक्रवारी रात्री, सर्व माश्या आत आल्यावर, दाराला तारेची जाळी ठोकून आणि झाकण पट्ट्याने आवळून पेटी टेम्पोने बदलापूरच्या एका बागेत नेली. बॅटरीवर लाल कागद लावला होता, कारण मधमाशीला लाल रंग दिसत नाही आणि पांढऱ्या उजेडाकडे मात्र ती झेपावते. शनिवार पूर्ण विश्रांती दिली.

रविवारी सकाळी साडेनऊला, ऊन पडल्यावर, पेटी उघडली. धुराड्यात कोरडे गोणपाट आणि सोडणे घातली. धूर पांढरा व थंड आहे याची खात्री करण्यासाठी तो आधी स्वतःच्या मनगटावर सोडून पाहिला. दारात दोन हलक्या फुंकरी दिल्या आणि पूर्ण एक मिनिट थांबलो. धुरामुळे इशाऱ्याचा गंध झाकला जातो आणि माश्या पोळ्यातला मध पोटात भरून घेऊ लागतात, पण त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. सातेरीला धुराचा अतिरेक सोसत नाही. ती बिथरते आणि घर सोडून जाण्याचाही धोका असतो. झाकण बोटभर उचलून आणखी एक फुंकर दिली. कडेची चौकट प्रथम काढून जागा मोकळी केली, आडवे पोळे पटाशीने कापले, आणि ज्या चौकटींवर काम चालू नव्हते त्यांवर ओले सुती फडके टाकले. निम्मी वसाहत अंधारात राहिली तर उठणाऱ्या माश्याही निम्म्याच राहतात. या गृहस्थांना मी एकच नियम दिला होता : बुरख्यावर एका वेळी पाचांहून अधिक माश्या आदळू लागल्या, किंवा हातमोज्यात तिसरी नांगी दिसली, की जे हातात आहे ते सावकाश खाली ठेवून झाकण लावायचे. त्या सकाळी दुसऱ्या नांगीवर काम संपले.

आत अंडी नव्हती आणि अळ्याही नव्हत्या. वाढणाऱ्या माश्यांचे बंद कोष सर्व उघडून रिकामे झाले होते आणि एका पोळ्याच्या मध्यभागी राणीचा एक घाईने बांधलेला कोष टोकाशी कापून उघडलेला दिसत होता. यावरून क्रम असा जुळतो : त्या रविवारच्या तीन आठवडे आधीच्या तपासणीत जुनी राणी बहुधा चामडी बोटांखाली गेली, वसाहतीने नवी राणी तयार केली, आणि ती मीलनासाठी उडण्याच्या दिवसांत सलग पाऊस लागल्यामुळे परतली नाही. बिनराणीची वसाहत चिडखोर होते हे प्रत्येक मधपाळ जाणतो. म्हणजे ज्या हाताळणीने त्या दुपारी माश्या उठल्या, त्याच हाताळणीने तीन आठवड्यांपूर्वी त्यांची राणी घेतली असण्याची शक्यता आहे, आणि दोन्ही वेळा वहीत शून्यच लिहिले गेले असते.

पूर्वेच्या शांत पेटीतून अंडी आणि कोवळ्या अळ्यांची एक चौकट त्याच दिवशी पहाटे, गच्चीचा दरवाजा बंद करून आणि रहिवाशांना आदल्या संध्याकाळी कळवून, काढून आणली होती. त्या अळ्यांतून वसाहतीला नवी राणी तयार करता यावी म्हणून ती मधोमध दिली. पुढे दर दहा दिवसांनी बंद कोषांची एकेक चौकट देत राहिलो, कारण नवी राणी अंडी घालीपर्यंत वसाहत टिकवणे भाग होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवी राणी अंडी घालताना दिसली. ती पूर्वेच्या राणीची मुलगी आहे. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य साधारण सहा आठवड्यांचे असते, त्यामुळे भिंतीतून आलेल्या त्या तापट माश्या हळूहळू संपल्या आणि त्यांच्या जागी वेगळ्या स्वभावाच्या माश्या आल्या.

काकूंनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जी तज्ज्ञांकडे तपासणी सुरू केली आहे. गच्चीवरची कपड्यांची दोरी आता जिन्याच्या पलीकडच्या बाजूला बांधली आहे, दारावर पेटी उघडण्याची वेळ लिहायचा फळा आहे आणि पूर्वेची पेटी कमरेच्या उंचीच्या घोडीवर, तिच्या दारासमोर सहा फूट उंच जाळी लावून ठेवली आहे. ती जाळी माश्यांना वर उडायला लावते आणि त्या माणसांच्या डोक्यावरून जातात. बदलापूरची पेटी जानेवारीत उघडली तेव्हा मी सोबत होतो. वहीत डंखांच्या रकान्याशेजारी आता दुसरा रकाना आखला आहे. त्या दिवशी पहिल्यात शून्य आणि दुसऱ्यात एक लिहिले गेले, आणि ती एक नांगी पानावर चिकटपट्टीने चिकटवली आहे.